भाचीला रेशमावर पीएचडी करायचीय

घरात सध्या एका विषयावरून दोन तट पडले आहेत. भाचीचं एमएस्सी झालं, आता तिला पीएचडी करायची आहे, आणि विषय आहे रेशमाच्या प्रथिनापासून प्रकाशाच्या कामाला येतील असे पदार्थ बनवणं. दाजींचं म्हणणं, एवढं शिकून शेवटी किडेच पाळायचे का? आईला वाटतंय हे साड्यांचं काहीतरी आहे, त्यामुळे तिचा पाठिंबा आहे. :-) बहीण म्हणते, तू चाकणला प्लास्टिकच्या कंपनीत आहेस, तुला यातलं कळत असेल, तूच काय ते सांग. फोनवर एवढं सगळं सांगणं काही जमेना. म्हणून इथे लिहून टाकतो. नात्यातली मंडळी वाचतातच, आणि बाकीच्यांनाही विषय नवा वाटेल.

माझं मत आधीच सांगतो. करावी. पण ज्या कारणासाठी सगळे "वा वा" करतायत त्या कारणासाठी नको.

आधी थोडं समजून घेऊ. प्रथिनं म्हटलं की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. शरीरातली बरीचशी प्रथिनं कामकरी असतात, अन्न पचवणं, ऑक्सिजन वाहून नेणं वगैरे. पण काही प्रथिनं म्हणजे घराच्या भिंती, वासे, दोरखंड. केस, नखं, पिसं यातलं केराटिन. कातडी, हाडं, स्नायूंना बांधणारे दोर यातलं कोलॅजेन. आणि कोषातलं रेशीम. ही बांधकामाची प्रथिनं. ती फारशी हालचाल करत नाहीत, नुसती उभी असतात, म्हणून त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

गंमत अशी की प्रकाशाशी सगळ्यात अजब खेळ हीच प्रथिनं खेळतात. कोणाला पटत नसेल तर त्याने आरशात स्वतःचा डोळा बघावा. बुबुळावरचा पारदर्शक पडदा आणि त्याच्या बाजूचा पांढरा भाग, दोन्ही मुख्यतः एकाच प्रथिनाचे, कोलॅजेनचे. एकातून आरपार दिसतं, दुसरा चुन्यासारखा पांढरा. फरक फक्त मांडणीचा. पारदर्शक भागात कोलॅजेनचे तंतू एकसारख्या जाडीचे, साधारण २५ ते ३० नॅनोमीटरचे, आणि एकमेकांपासून जवळजवळ सारख्या अंतरावर. पांढऱ्या भागात कोणी जाड, कोणी बारीक, कसेही वेटोळे घातलेले. एकसारख्या मांडणीमुळे बाजूला उधळणारा प्रकाश आपापसात कटून जातो आणि सरळ जाणारा तेवढा उरतो. डेव्हिड मॉरिस या शास्त्रज्ञाने हे १९५७ साली मांडलं. आपल्याकडे डोळ्यात "फूल पडलं" म्हणतात ना, ते याच मांडणीचं विस्कटणं. जखम भरते, कोलॅजेन परत येतं, पण शिस्त परत येत नाही. आणि माणसाला त्या डोळ्याने दिसेनासं होतं.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. कारण माझा अख्खा दिवस पारदर्शक वस्तूंमध्ये जातो. गाड्यांच्या हेडलॅम्पच्या काचा आम्ही बनवतो. काच म्हणायची पद्धत, असतं ते पॉलिकार्बोनेट. त्याचे दाणे आधी १२० अंशाला तीन-चार तास वाळवायचे, नाहीतर आतल्या ओलाव्याने काचेत चंदेरी रेघा उमटतात आणि अख्खा लॉट भंगारात. मग ३०० अंशाच्या आसपास वितळवून साच्यात दाबायचं. वर उन्हाने पिवळं पडू नये म्हणून कोटिंग. एवढी वीज, एवढा दाब, आणि तरी रोज सकाळी रिजेक्शनचा आकडा बघून छातीत धस्स होतं. आणि इथे कोणीतरी अंगाच्या उष्णतेवर, पाण्यात, आवाज न करता, पारदर्शक पडदा बनवून मोकळं!

चऱ्होलीत अजून थोडी शेतं उरली आहेत, इमारतींच्या मधेमधे. तिथे विजेच्या तारेवर नीलपंख बसलेला दिसतो कधीकधी, दसऱ्याला दिसला तर शुभ मानतात तो. बसलेला असताना मातकट, उडाला की निळ्याची उधळण. त्या पिसात निळा रंग नाहीच. पीस कुटून भुगा केला तर निळं काही हाती लागत नाही. केराटिनमध्ये अतिसूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांच्या आकारामुळे आणि अंतरामुळे निळा प्रकाश तेवढा परत फिरतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९३०च्या दशकात याच पक्ष्याच्या पिसांवर काम केलं होतं. मोराच्या पिसातही तीच युक्ती थोडी वेगळ्या रीतीने, केराटिनमध्ये काळ्या रंगद्रव्याच्या बारीक कांड्या जाळीसारख्या रचलेल्या. आणि कोकणातल्या बाजारात जे माकुल मिळतं त्याच्या भाईबंदांच्या कातडीत तर रिफ्लेक्टिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या थरांची जाडी बदलून हे प्राणी रंग बदलतात. ते २००४ साली हवाईजवळच्या एका छोट्या जातीत सापडलं आणि त्यावरून अमेरिकेत आता रंग बदलणाऱ्या पट्ट्या वगैरे बनवून बघतायत. असो. माकुल हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि ताटातलाही.

आता रेशीम. कोषाचा धागा म्हणजे दोन प्रथिनं. आत फायब्रॉइन, साधारण तीन-चतुर्थांश, आणि बाहेर डिंकासारखं सेरिसिन. सोड्याच्या पाण्यात उकळलं की डिंक निघून जातो. उरलेले तंतू लिथियम ब्रोमाइड नावाच्या क्षाराच्या दाट द्रावणात विरघळवायचे, मग तो क्षार पाण्याने हळूहळू काढून टाकायचा. हातात राहतं ते रेशमाचं पाणी. ते ताटलीत ओतून नुसतं सुकू दिलं की काचेसारखी पातळ पापुद्री तयार.

अमेरिकेत बॉस्टनजवळ टफ्ट्स विद्यापीठ आहे. तिथले डेव्हिड कॅप्लन रेशमाचं बुबुळ बनवता येईल का ते बघत होते. पेशींना श्वास घेता यावा म्हणून पापुद्र्याला बारीक भोकं पाडायची होती, म्हणून ते लेझरवाल्या फिओरेंझो ओमेनेत्तो यांच्याकडे गेले. ओमेनेत्तोंच्या लक्षात आलं की हा नुसता पडदा नाही, हे चांगलं प्रकाशीय साहित्य आहे. २००८ साली त्यांनी दाखवलं की बारीक खाचांच्या साच्यावर रेशमाचं पाणी ओतून सुकवलं की त्या खाचा जशाच्या तशा उठतात, आणि पापुद्रा प्रकाशाचे सात रंग वेगळे करतो. सीडीवर जसे रंग दिसतात तसे. (सीडीसुद्धा पॉलिकार्बोनेटचीच, पण ती बनवायला आमच्यासारखी भट्टी लागते.) खाचा नॅनोमीटरच्या मापाच्या आणि काम घरातल्या तापमानाला, पाण्यात. त्यामुळे त्या पाण्यात एखादं एन्झाइम किंवा औषध मिसळलं तर ते मरत नाही. म्हणजे रंग दाखवणारा पापुद्रा आणि औषध ठेवणारी डबी एकच. पुढे २०१० मध्ये रेशमावर बसवलेले बारीक इलेक्ट्रोड मांजराच्या मेंदूवर ठेवून बघितले. रेशीम विरघळलं आणि जाळी मेंदूच्या वळ्यांवर ओल्या कापडासारखी चिकटून बसली. २०१२ मध्ये तर अख्खं सर्किटच विरघळून जाईल असं बनवलं. पापुद्रा किती वेळात विरघळावा, काही मिनिटांत की कित्येक महिन्यांनी, हे पाण्याची वाफ देऊन ठरवता येतं. वाफेने प्रथिनाच्या साखळ्या घड्या घालून घट्ट बसतात, तेवढं ते पाण्याला दाद देत नाही.

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल की प्लास्टिकचे दिवस भरले. भाचीच्या मैत्रिणीही तसंच म्हणतायत म्हणे, "हरित प्लास्टिक". इथे मात्र माझा तीव्र विरोध नोंदवून घ्या. ज्यांच्या घरात जुनी पैठणी आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. मलमलच्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवा, अधूनमधून घडी मोडा, उन्हात वाळवू नका, एवढं करूनही पन्नास-साठ वर्षांनी ती घडीवर चिरतेच. उन्हाने रेशीम पिवळं पडतं, दमट हवेत पाणी ओढतं, कोरडं झालं की ठिसूळ होतं. असल्या पदार्थाचा हेडलॅम्प घेऊन जुलैमध्ये पुणे-नाशिक रस्त्यावरून जाऊन दाखवा. जे टिकायला हवं ते पॉलिकार्बोनेटचंच राहू दे, निदान माझ्या नोकरीपुरतं तरी. ;-) रेशमाची जागा तिथे आहे जिथे वस्तूने काम करून निघून जायला हवं. शरीराच्या आत, जखमेवर, फळाच्या सालीवर. फळांवर रेशमाचा पातळ थर देऊन ती जास्त दिवस ताजी ठेवण्याचं काम त्याच टफ्ट्सच्या मंडळींपासून सुरू झालं आणि त्याची कंपनीही निघाली. हा उपयोग मला होलोग्रामपेक्षा जास्त आवडला. नारायणगावच्या टोमॅटोवाल्याला विचारा, चार दिवस जास्त टिकणं म्हणजे काय ते.

आणि कोलॅजेनचं उदाहरण तर आपल्या देशातलंच आहे. केराटोकोनस नावाच्या आजारात बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं. २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी डुकराच्या कातडीतलं कोलॅजेन शुद्ध करून त्याचं पारदर्शक भिंग बनवलं, आणि भारत आणि इराणमधल्या वीस रुग्णांच्या बुबुळात छोटासा छेद देऊन ते सरकवलं. भारतातल्या शस्त्रक्रिया दिल्लीच्या एम्समध्ये झाल्या. वीसपैकी चौदा जणांना आधी अंध म्हणावं इतकं कमी दिसत होतं. दोन वर्षांनी त्यातलं कोणीही त्या यादीत नव्हतं. नेत्रदानाच्या डोळ्यांची वाट बघत किती माणसं बसलेली असतात हे ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना यावर वेगळं काही सांगायला नको. "डुकराचं?" म्हणून नाक मुरडणाऱ्या काकांना मी एवढंच विचारलं की काका, तुमचाच डोळा असता तर? काका गप्प.

या कोलॅजेनची तीन पदरी वेणीसारखी रचना मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्ता यांनी १९५४-५५ मध्ये उलगडली. रामचंद्रन हे रामन यांचे विद्यार्थी. वेणीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सगळ्यात लहान अमिनो आम्ल असतं, कारण आतल्या बाजूला त्याहून मोठं काही मावतच नाही. कांगारूच्या शेपटीतलं कोलॅजेन मिळवून त्यांनी क्ष-किरणांची चित्रं काढली होती. आता यावर "बघा, आपल्याकडे सगळं आधीच होतं, पण आपली कदर नाही" छापाचे फॉरवर्ड येतात. मला त्यांचा कंटाळा आलाय. रामचंद्रन यांना नोबेल मिळायला हवं होतं की नाही यावर दहा ओळी लिहिणारा माणूस त्या ग्लायसिनवर एक ओळ लिहीत नाही. त्यांनी काय केलं हे समजून घेतलं तर कदर आपोआप होईल.

आपल्या जवळचं बघायचं तर पाषाणला, एनसीएलमध्ये, डॉ. अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशमाच्या प्रथिनावर बरीच वर्षं काम केलं. हाडातली पोकळी भरायला सच्छिद्र तुकडे, बारीक गोळे, अशा गोष्टी. त्यातून सेरिजेन नावाची कंपनी निघाली. तिथे रेशमातून प्रकाश जात नाही, त्यातून हाड वाढतं, पण कच्चा माल तोच आणि डोकेदुखीही तीच. चऱ्होलीहून गाडीने तासाभरावर. भाचीला मी सांगितलं, बॉस्टनचे व्हिडिओ नंतर बघ, आधी पाषाणला जाऊन या लोकांशी बोल.

आता त्या डोकेदुखीकडे येतो, कारण माझं म्हणणं सगळं त्यावरच उभं आहे.

जपानमध्ये स्पायबर नावाची कंपनी आहे. कोळ्याच्या रेशमासारखं प्रथिन जिवाणूंकडून बनवून घेऊन त्यांनी एक जाड कोट तयार केला. नमुना २०१५ मध्ये दाखवला, टाळ्या झाल्या. बाजारात आला २०१९ मध्ये, तोही मोजक्याच नगांचा. मधली चार वर्षं कुठे गेली? कोळ्याचं रेशीम पाण्यात भिजलं की आखडतं. पावसात आखडणारा कोट कोण घेणार! शेवटी प्रथिनाचीच रचना बदलून घ्यावी लागली. आमच्या धंद्यात याला नवल नाही. सॅम्पल पास होणं वेगळं आणि दहा हजार नग एकसारखे देणं वेगळं. पहिला नग बनवणाऱ्याचा फोटो येतो, दहा हजारावा नग बनवणाऱ्याला रात्रपाळी लागते.

आणि रेशमात तर कच्चा मालच जिवंत. पाला कोणत्या शेतातला, उन्हाळ्यातला की पावसाळ्यातला, अळीला ग्रासेरी झाली होती का, कोष किती दिवस पडून होते, सोड्यात वीस मिनिटं उकळलं की चाळीस. जास्त उकळलं की प्रथिनाच्या लांब साखळ्या तुटतात आणि पापुद्रा कमजोर होतो. कमी उकळलं तर डिंक राहतो, आणि शरीरात वापरायचं असेल तर तो राहून चालत नाही. प्रयोगशाळेत एक संशोधक एकाच गठ्ठ्यातले कोष वापरतो, म्हणून सगळं जुळतं. गठ्ठा संपला की नवी कहाणी.

मला वाटतं आपल्याकडे नेमकी याच ठिकाणी जागा रिकामी आहे. होलोग्राम वगैरे करणारे हुशार लोक जगात पुष्कळ आहेत. पण "हे घ्या फायब्रॉइन, या लॉटची साखळीची लांबी एवढी, ओलावा एवढा, डिंक एवढ्यापेक्षा कमी, आणि पुढच्या महिन्यातही हेच मिळेल" असं लिहून देणारा कोणी हवा. चीननंतर रेशमात आपलाच नंबर, वर्षाला पस्तीस हजार टनांच्या वर उत्पादन. आणि चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कोणत्याही लहानशा वर्कशॉपमधल्या पोराला लॉट नंबर, तपासणीचा कागद, ग्राहकाचं ऑडिट हे तोंडपाठ आहे. कारण गाडीवाल्यांनी वीस-पंचवीस वर्षं आमच्या पाठीवर काठी मारून ते शिकवलंय. रेशीम मराठवाड्यात, प्रथिनाचं ज्ञान पाषाणला, लॉट सांभाळायची शिस्त इथे. या तिघांची आपसात ओळखच नाही. भाचीने तिच्या पीएचडीत सुंदर रंगाचा पापुद्रा जरूर करावा, पण निम्मी मेहनत बीडच्या आणि जालन्याच्या कोषांत फरक काय पडतो आणि तो कसा आवरायचा यावर करावी. मोठ्या मासिकात छापून येणार नाही कदाचित. पण ती पाच वर्षांनी बाहेर पडेल तेव्हा तिच्याकडे असं काहीतरी असेल जे दुसऱ्या कोणाकडे नाही. दाजी, तुमच्या नोकरीच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे.

एक मुद्दा राहिला, शेतकऱ्याचा. जालन्याच्या बाजार समितीत २०१८ पासून कोषांची खरेदी सुरू झाली. त्याआधी मराठवाड्यातले लोक रात्रभर प्रवास करून कर्नाटकात रामनगरला कोष घेऊन जायचे. बाजारात भाव कशावर ठरतो? धागा सलग निघेल का यावर. चांगल्या कोषातून हजार मीटरच्या आसपास अखंड धागा निघतो. भोक पडलेला, दोन अळ्यांनी मिळून विणलेला, वेडावाकडा, असा कोष आला की भाव कोसळतो. पण विरघळवायचंच असेल तर धागा अखंड असण्याची गरजच काय? प्रयोगशाळेत चांगला कोषसुद्धा कात्रीने कापूनच उकळतात. म्हणजे जो माल आज शेतकरी हात जोडून मिळेल त्या भावात देतो, त्यातला बराचसा या कामाला चालावा. डाग असेल तर पापुद्र्याच्या रंगावर किती परिणाम होतो ते तपासावं लागेल, आणि हाही पीएचडीत बसणारा प्रश्न आहे. शिवाय भोक पडलेला कोष म्हणजे पतंग आतून बाहेर पडून गेलेला. रेशीम म्हटलं की उकळत्या पाण्यातल्या किड्यांचा विषय काढणाऱ्या आमच्या मावशींना हे कळलं तर त्याही भाचीच्या बाजूने मत देतील.

तर बहिणीला माझा निरोप असा. तिला अर्ज भरू दे. पण मार्गदर्शक निवडताना एक प्रश्न विचारायला सांग: तुमच्या प्रयोगशाळेत कोष कुठून येतात, आणि गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या कोषांतला फरक तुम्ही कधी मोजलाय का? उत्तर देताना समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकला तर तिथेच प्रवेश घ्यायचा. आणि दाजी, किडे ती पाळणार नाही, शेतकरी पाळतात. तिला सुट्टीत एकदा जालन्याच्या बाजारात घेऊन जा म्हणजे झालं. गाडी मी काढतो.